विश्लेषण : सुटावर डायव्हिंग वॉच, तेही कफच्या वरून! फियाटचे जियानी अन्येली असे का करायचे?

काराचेनी यांच्याकडे शिवलेला सूट, त्यावर टाय आणि शर्टाच्या कफवरून बांधलेले स्टीलचे धिप्पाड डायव्हिंग वॉच. इटलीतील फियाट कंपनीचे सर्वेसर्वा जियानी अन्येली यांची ही छबी फॅशनच्या जगात आजही फिरते. आता ऑफिसच्या सुटावर डायव्हिंग वॉच सर्रास दिसते. ५० वर्षांपूर्वी मात्र सुटाबरोबर चामडी पट्ट्याचे पातळ घड्याळच शोभते, असा संकेत होता. तो मोडणाऱ्यांत अन्येली ठळक होते.

कोण होते अन्येली?

जन्म १२ मार्च १९२१, तुरीन. त्याच नावाचे आजोबा १८९९ मध्ये फियाटच्या संस्थापकांपैकी एक होते. जियानी १४ वर्षांचे असताना वडील विमान अपघातात गेले. १९४५ मध्ये आई मोटार अपघातात गेली आणि त्याच वर्षी आजोबाही. कायद्याची पदवी असल्याने इटली त्यांना ‘वकीलसाहेब’ म्हणू लागली. वकिली त्यांनी कधी केली नाही, हा भाग वेगळा!

युद्धात ते रशियन आघाडीवर आणि उत्तर आफ्रिकेत लढले. नंतरची जवळपास २० वर्षे कंपनी व्हित्तोरियो व्हॅलेत्ता यांनी सांभाळली आणि जियानी रिव्हिएराच्या किनाऱ्यावर मौजमजेत रमले. १९५२ मध्ये तिथेच भरधाव मोटारीच्या अपघातात त्यांच्या पायाचा चुराडा झाला. पाय वाचला, पण लंगडणे कायमचे राहिले. १९६६ मध्ये ते फियाटचे अध्यक्ष झाले.

मुंबईकरांना फियाट परकी नाही. कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स फियाटच्याच परवान्यावर ११०० मॉडेल बनवत असे. तीच पुढे ‘पद्मिनी’ झाली आणि काळी-पिवळी म्हणून धावली.

घड्याळ कोणते?

ओमेगा सीमास्टर ६००, म्हणजेच ‘प्लोप्रॉफ’. फ्रेंच भाषेतील ‘व्यावसायिक डायव्हर’ या शब्दांचे हे लघुरूप. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आलेले हे घड्याळ ६०० मीटर खोलीपर्यंतच्या कामासाठी होते. चावी डावीकडे आणि तिला धातूचे संरक्षण. उजवीकडे लाल बटण. ते दाबल्याशिवाय काचेभोवतीची कडी फिरतच नाही. पाण्याखाली किती मिनिटे झाली, हे डायव्हर या कडीवरून मोजतो. धक्क्याने ती सरकली तर उरलेल्या हवेचा हिशेब चुकतो आणि जिवावर बेतते. त्यामुळे दिसण्यापेक्षा कामाला महत्त्व दिलेले हे हत्यारच. देखणे म्हणावे असे त्यात फारसे काही नाही.

मग कफच्या वर का?

कारणे अनेक सांगितली जातात. कफ मागे सारायला वेळ नाही, धातूची त्वचेला अ‍ॅलर्जी, मापात शिवलेले घट्ट कफ. प्लोप्रॉफबाबत एक कारण उघड आहे, एवढे जाड घड्याळ कफखाली जाणारच नाही. पण अन्येली पातळ घड्याळेही तशीच बांधत. म्हणजे सवय आधीची होती. टाय कधी स्वेटरच्या वर, कॉलरची बटणे उघडी, सुटाखाली डोंगर चढायचे बूट. बूट मात्र निव्वळ शैली नसावी. दुखऱ्या पायाला आधार मिळावा म्हणून ते घालत, असे सांगितले जाते. मेहनत दिसू न देता सहजता दाखवण्याला इटालियन लोक ‘स्प्रेत्सातुरा’ म्हणतात. हा शब्द १५२८ मधील कास्तिल्योने यांच्या दरबारी शिष्टाचारावरील ग्रंथातून आला.

सहजतेमागे काय होते?

सत्तरच्या दशकात रेड ब्रिगेड्स ही अतिडावी सशस्त्र संघटना फियाटच्या अधिकाऱ्यांचे अपहरण करत होती, गोळ्या घालत होती. १९८० मध्ये कंपनीने २० हजारांहून अधिक कामगारांना घरी बसवायचे ठरवले. ३५ दिवस संप चालला. अखेर कंपनीचेच सुपरवायझर आणि कर्मचारी संपाविरोधात तुरीनच्या रस्त्यावर उतरले आणि कामगार संघटना हरल्या. वकीलसाहेबांच्या रुबाबाची ही बाजू फॅशनच्या पानांवर सहसा येत नाही.

घरातही आघात झाले. वारस मानला गेलेला पुतण्या १९९७ मध्ये कर्करोगाने गेला. २००० मध्ये एकुलत्या एक मुलाने आत्महत्या केली. २४ जानेवारी २००३ रोजी, फियाट मोठ्या तोट्यात असताना, ८१ व्या वर्षी अन्येली यांचे निधन झाले. लिंगोत्तो या फियाटच्या जुन्या कारखान्यात पार्थिव ठेवले होते. जानेवारीच्या थंडीत दर्शनासाठी तुरीनकरांची रांग लागली होती. फियाटचे कामगारही तिच्यात होते.