डॅनियल बोव्हे

गोळ्या सारख्या दिसल्या तरी त्यांचीं कामें भिन्न असतात, हें आम्हां उमरेडकरांस डॅनियल बोव्हे यांच्या चरित्रावरून कळतें. त्यांचा जन्म १९०७ सालीं स्वित्झर्लंडांत झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत असतां १९३५ सालीं त्यांनीं सहकाऱ्यांसह सल्फा औषधांतील जंतूंची वाढ रोखणारा अंश शोधून काढला. परंतु धूळ किंवा परागकण न सोसल्यास शरीर स्वतःच हिस्टॅमिन सोडतें व शिंका येतात. तेथें जंतूंचा संबंधच नाहीं. या हिस्टॅमिनची वाट अडविणारें पहिलें द्रव्य बोव्हे यांस १९३७ सालीं सांपडलें. तें माणसांस देण्याजोगें नव्हतें, तरी त्याच मार्गानें पुढील औषधें निघालीं. १९५७ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. १९९२ सालीं रोम येथें ते वारले. शिंकांची गोळी जंतु मारीत नाहीं, तापही उतरवीत नाहीं. म्हणून डॉक्टरांस विचारल्यावांचून ती आपण घेऊं नये.