पन्नालाल घोष आणि बत्तीस इंची बासरी

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात लग्नमंडपातील सनई ऐकली नाही किंवा जत्रेतील बांबूचा पावा फुंकून पाहिला नाही, असा विद्यार्थी विरळाच. हातभर पाव्याचा स्वर गोड खरा. परंतु तो उंच व बारीक. ख्यालातील मंद्र सप्तकाचे गांभीर्य त्याला पेलत नाही. म्हणूनच शास्त्रीय मैफलीत बासरीला मानाचे आसन नव्हते. ते तिला मिळवून देणाऱ्या कलावंताचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

पन्नालाल घोष यांचा जन्म १९११ साली बारिसाल येथे झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील अक्षयकुमार सतार वाजवीत. कलकत्त्यास पन्नालालांनी चित्रपटांच्या वाद्यवृंदात काम केले. १९३८ साली सराईकेला नृत्यपथकाबरोबर ते युरोपात गेले आणि १९४० साली मुंबईस येऊन राहिले. बासरीने गायकाप्रमाणे गावे, हाच त्यांचा ध्यास होता.

वाद्य जड तितका स्वर भारदस्त, असा सर्वसाधारण समज असतो. सनईचा पाश्चात्त्य भाऊबंद जो ओबो, तो घट्ट, वजनदार लाकडाचा व धातूच्या कळांनी लगडलेला पाहिला की हा समज अधिकच दृढ होतो. पन्नालालांनीही धातू व निरनिराळी लाकडे वापरून पाहिली आणि अखेर हलक्या बांबूचाच स्वीकार केला. कारण बासरीत मुख्यतः कंप पावते ती नळीतील हवा. नळीची लांबी दुप्पट केली की स्वर सुमारे एक सप्तक खाली उतरतो. पोकळी रुंद असली की खालचे स्वर भरदार होतात. आतील भिंत गुळगुळीत व फुंकेच्या छिद्राची कड रेखीव हवी. मग नुसत्या वजनाने फारसा फरक पडत नाही.

या विचाराने त्यांनी सुमारे ३२ इंच लांबीची बासरी सिद्ध केली. शिवाय तीव्र मध्यमासाठी सातवे छिद्र पाडले. छिद्रांमधील अंतर वाढल्याने बोटे ताणावी लागत आणि श्वासही अधिक लागे. तो ताण त्यांनी अखंड रियाजाने पचविला.

कीर्ती लाभल्यावरही त्यांचे शिष्यत्व संपले नाही. १९४७ साली त्यांनी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्यत्व पत्करले. १९५६ साली ते दिल्लीस आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे संचालक झाले आणि २० एप्रिल १९६० रोजी, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, तेथेच निवर्तले.

आज मैफलीत लांब बासरी दिसते, ती त्यांच्या परिश्रमांचे फळ होय. आमच्या सातपुड्याच्या रानातही बांबू उगवतो. त्याची पोकळी केवढी, हे निसर्ग ठरवितो. तिच्यातून कोणता स्वर काढावयाचा, हे मात्र माणसाच्या अभ्यासावर अवलंबून असते.