देवाच्या दरबारचा कवि : कै. नारायण वामन टिळक

दर रविवारीं आपण मंडळींत प्रभूची प्रार्थना म्हणतों आणि देवाचें राज्य यावें असें मागतों. मागून घरीं गेल्यावर त्या राज्याचा विचार आपल्या मनांत कितीसा राहतो? मंदिराची दुरुस्ती, पंचांची निवड, पाळकाचा पगार, यांचीच चर्चा गांवोगांवच्या मंडळ्यांत अधिक होते. या गोष्टी निरुपयोगी आहेत असें नाहीं. परंतु ज्या पुरुषाचीं पदें आपण उपासनेंत गातों, त्यानें त्या सर्वांना दुसऱ्या जागीं बसवून पहिली जागा राज्याला दिली, आणि त्यापायीं जें द्यावें लागलें तें दिलें.

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें चित्पावन ब्राह्मण कुळांत झाला. आई जानकीबाई भाविक व काव्याची आवड असलेली होती. ती नारायण लहान असतांच वारली, व पुढें त्याचें मन घरांत रमलें नाहीं. नाशिक येथें त्यांचें संस्कृताचें अध्ययन झालें. १८८० सालीं लग्न झालें. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हां अगदीं अल्पवयी होत्या. त्यानंतर कित्येक वर्षें हा गृहस्थ एका ठिकाणीं फारसा टिकला नाहीं. शिक्षकाचें काम करावें, मासिक चालवावें, कविता लिहाव्या, आणि मन उठलें कीं सर्व सोडून चालूं लागावें. नागपुरास श्रीमंत बुटी यांच्या आश्रयानें संस्कृत ग्रंथांचें काम मिळालें तेव्हां कांहीं स्थिरता आली. पण अंतःकरण स्थिर नव्हतें. आपला देश दीन कां झाला, भाऊ भावाला शिवत कां नाहीं, हा प्रश्न त्यांस सोडीना. जातिभेदानें पोखरलेल्या समाजास जुन्या धर्माचा आधार पुरणार नाहीं असें त्यांस वाटूं लागलें, आणि आपणच एक नवा धर्म काढावा इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते.

१८९३ सालीं ते नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जात होते. डब्यांत एक युरोपियन गृहस्थ होता. त्यानें यांस आदरानें जागा दिली, काव्यशास्त्राच्या गोष्टी केल्या, आणि शेवटीं नव्या कराराची प्रत हातांत ठेवून ती मनापासून वाचण्याचें वचन घेतलें. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेंही त्यानें सांगितलें. टिळकांस तें बोलणें अतिशयोक्तीचें वाटलें. पण वचन दिलें होतें, म्हणून वाचावयास बसले. प्रथम कंटाळाच आला. डोंगरावरील प्रवचनाशीं आले मात्र, तेथून त्यांस उठवेना.

तेथें त्यांस काय सांपडलें हें आपण नीट पाहिलें पाहिजे. पापक्षमेचा विचार त्यांच्या मनांत आला नाहीं असें नव्हे. पण त्यांस प्रथम ओढून नेलें तें देवाच्या राज्यानें. दीनांचें राज्य, नम्रांचें वतन, वैऱ्यावरही प्रीति, आणि अन्नवस्त्राच्या चिंतेच्या आधीं राज्याचा शोध, असें एक राज्य तेथें होतें. ब्राह्मण आणि महार एकाच पित्याचीं लेंकरें होऊन त्यांत बसूं शकत होते. ज्या प्रश्नानें ते दहा वर्षें तळमळत होते त्याचें उत्तर त्यांस मिळालें. नवा धर्म काढण्याची गरजच उरली नाहीं, राजा आधींच आलेला होता. मात्र त्या राजाचें होण्यास काय पडेल हें त्यांस ठाऊक होतें, आणि म्हणून दोन वर्षें गेलीं. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींत त्यांचा बाप्तिस्मा झाला, व तो रे. तुकारामजी नथोजी या देशी पाळकाच्या हातून झाला. बाप्तिस्मा आपल्याच देशबांधवाच्या हातून व्हावा हा आग्रह टिळकांचाच होता.

आतां किंमतीची गोष्ट. ही बातमी लक्ष्मीबाईंस कळली तेव्हां त्यांच्यावर आकाश कोसळलें. नवरा जिवंत आणि संसार मेलेला, अशी त्यांची दशा झाली. लहान मुलगा दत्तू पदरीं घेऊन त्या कित्येक वर्षें आप्तांच्या आश्रयास राहिल्या. कोणी दुसरें लग्न सुचविलें असतें तरी टिळक त्यास तयार झाले नसते. ते पत्रें लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. पुढें दोघें एकत्र आलीं तेव्हांही त्यांनीं पत्नीवर बळजबरी केली नाहीं. लक्ष्मीबाई सोंवळें पाळीत, पाणी व स्वयंपाक निराळा ठेवीत, आणि टिळक तें चालूं देत. राज्य जबरदस्तीनें येत नाहीं हें त्यांस कळलें होतें. स्वभावानें ते तापट व उतावळे होते, म्हणून ही सहनशीलता अधिक मोलाची म्हणावी लागते. राहुरीस असतां लक्ष्मीबाईंच्याच मनांत प्रकाश पडला. माणसें देवानें केलीं, जाती माणसांनीं केल्या, असा त्यांचा निश्चय झाला आणि कोणाच्याही हातचें खाण्याची त्यांनीं तयारी केली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० सालीं झाला. जातीची भिंत आधीं पडली, पाणी मागून लागलें. आपल्या कित्येक मंडळ्यांत हा क्रम उलटा झालेला दिसतो, आणि भिंत अजून उभी आहे.

अहमदनगर येथें टिळकांनीं धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांस शिकविलें. दुष्काळांत पोरक्या झालेल्या मुलांस या दांपत्यानें सांभाळलें. १९०४ सालीं टिळकांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून अखेरपर्यंत ज्ञानोदयाच्या मराठी भागाचें संपादन त्यांच्याकडे होतें. बालकवि ठोंबरे कांहीं काळ त्यांच्याच घरीं राहिले. पण खेड्यांतल्या मंडळ्यांवर त्यांचे उपकार आहेत ते पदांचे. त्यांच्या पूर्वीं आपल्या उपासनेंत परक्या चालींवर बसविलेलीं भाषांतरें फार. तीं म्हणतांना अडाणी माणसाची जीभ अडखळे. टिळकांनीं अभंग, ओवी व भजन ख्रिस्ताच्या चरणीं आणलें आणि ख्रिस्ती कीर्तन रूढ केलें. जी बाई दळतांना ओवी म्हणत होती तीच आतां प्रभूला आपल्या बोलींत हांक मारूं शकली. देवाच्या राज्यांत शिरतांना मातृभाषा वेशीबाहेर ठेवावी लागत नाहीं, हें त्यांनीं प्रत्यक्ष करून दाखविलें.

१९१७ सालीं, छप्पन्नाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनीं मिशनची पगारी सेवा सोडली. भांडण होऊन सोडली नाहीं. मिशनऱ्यांशीं त्यांचा स्नेह शेवटपर्यंत होता. संन्याशाप्रमाणें राहावें आणि देव देईल त्यावर चालावें असें त्यांनीं ठरविलें. साताऱ्यास त्यांनीं देवाचा दरबार स्थापिला. ख्रिस्ताचे बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले शिष्य या दरबारांत एकत्र यावे, त्यांनीं मनुष्यमात्राची सेवा करावी, खरे देशभक्त व्हावें, आणि हिंदुस्थानच्या लोकांस येशू परका वाटूं नये, असा त्यांचा संकल्प होता.

यावर पुष्कळ टीका झाली. बाप्तिस्मा न घेतलेल्यांस शिष्य म्हणूं लागलों तर बाप्तिस्म्याचें महत्त्व काय राहिलें, असें कित्येक पाळकांस वाटलें. ही शंका पोकळ नव्हती. अशा संघांत उत्साह असतो, शिस्त राहत नाहीं. पण ज्यानें बाप्तिस्म्यासाठीं घर, जात, मान व पांच वर्षांचा संसार गमावला, तो बाप्तिस्मा स्वस्त करीत होता असें म्हणवत नाहीं. मंडळी राज्यासाठीं आहे, राज्य मंडळीपुरतें नाहीं, एवढेंच ते सांगत होते. आणि पगारासंबंधीं त्यांनीं जें केलें त्याचें उत्तर तर टीकाकारांजवळही नव्हतें. पगार थांबला तर आपली सेवा थांबेल काय, हा प्रश्न त्यांनीं प्रथम स्वतःस विचारला होता.

दरबारास वेळ फार थोडा मिळाला. टिळकांची प्रकृति ढासळली, आणि ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांनीं देह ठेविला. त्यांच्यामागें दरबार टिकला नाहीं. प्रभूचें चरित्र गाणारें ख्रिस्तायन हें महाकाव्य त्यांनीं हातीं घेतलें होतें, त्याचे आरंभीचे थोडेच अध्याय झाले होते. तें काम लक्ष्मीबाईंनीं उचललें. त्यांचें शिक्षण बेताचें होतें, आणि पतीचा बाप्तिस्मा ऐकून एकदां त्यांचें जगणें असह्य झालें होतें. त्यांनींच ख्रिस्तायनाचे साठांहून अधिक अध्याय लिहून काढले. १९३६ सालीं त्याही निवर्तल्या, व संपूर्ण ग्रंथ त्यानंतर दोन वर्षांनीं छापून निघाला.