गायनाचार्य विष्णु दिगंबर

शेगावहून पायी दिंडी पंढरीस निघाली की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले टाळकरी, मृदंगवाले तीत मिळतात. वारकरी टाळ-मृदंग ऐकतो, वाजविणाऱ्याची आठवण ठेवीत नाही. म्हणून आज कै. विष्णु दिगंबर पलुसकरबुवांचे स्मरण करू.

बुवांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडास झाला. वडील हरिकीर्तनकार, म्हणजे आपल्याच गोतातले. लहानपणी दारूकामाच्या अपघाताने दृष्टी अधू झाली, तेव्हा मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकावयास ठेविले. विद्या उत्तम साधली; परंतु त्या काळी गवई म्हणजे आश्रित. मैफल संपली की मान संपला. हे बुवांच्या मनाला लागले. १८९६ साली मिरज सोडून ते देशोदेशी हिंडले आणि १९०१ साली लाहोरास लोकाश्रयावर गांधर्व महाविद्यालय काढले. सामान्य घरच्या मुलाला गाण्याचे दार उघडले.

पुढे मुंबईची इमारत कर्जापायी गेली. बुवा खचले नाहीत. नाशकास रामनाम आधाराश्रम काढून रामकथेत रमले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस देह ठेविला. आजही गावोगावची पोरे गांधर्वच्या परीक्षा देतात.

आता आमचेच सांगतो. आम्ही कीर्तनकार शाल-श्रीफळ घेतो, अन् मृदंगवाल्याच्या बिदागीला हात आखडतो. हा दोष आमच्याही पदरी आहे. बुवांची पुण्यतिथी करावयाची तर हार मागाहून घाला. साथीदाराची बिदागी आधी द्या, आणि त्याला पंगतीत आपल्याशेजारी बसवा.