पोट भरणं वेगळं, बाळसं धरणं वेगळं : डॉ. कमला सोहोनी

अहमदीत संध्याकाळी फिरायला निघालं की रस्त्याकडेची खजुराची झाडं सोबत करतात. आपल्याकडच्या शिंदीची ही चुलत बहीणच. डहाणू-पालघरकडच्या माणसाला ती पाहून हटकून पहाटेची गारेगार नीरा आठवते. या नीरेत नेमकं काय आहे, ते प्रयोगशाळेत तपासणाऱ्या डॉ. कमला सोहोनी यांची ही ओळख. दुर्गाबाई भागवत आपल्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत; कमलाबाई त्यांच्या धाकट्या भगिनी.

जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला कमला पहिली आली. आता आपणही बंगलोरला जायचं, हे तिनं गृहीतच धरलं होतं. पण संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, ती मुलगी होती! ही पोरगी थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हटली नाही. शेवटी प्रवेश मिळाला, पण वर्षभर परीक्षेवर, आणि तिच्यामुळे पुरुष विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये अशा अटीवर. तिनं अपमान गिळला, पण त्याचा सल आयुष्यभर राहिला. श्रीनिवासय्या सरांच्या हाताखाली तिनं दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं. वर्ष संपलं तेव्हा रामन यांची खात्री पटली होती, आणि संस्थेचं दार पुढच्या मुलींसाठीही उघडलं.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. तिथे जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते नोबेल विजेते सर फ्रेडरिक हॉपकिन्स. त्यांचा १९१२ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. उंदराच्या पिलांना त्यांनी शुद्ध केलेली प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, पिष्ट आणि क्षार दिले. पोट भरत होतं, पण वाढ खुंटली. त्याच खाण्यात रोज थोडंसं दूध घातल्यावर पिलं झपाट्यानं वाढू लागली. म्हणजे अन्नात असं काहीतरी असतं, जे चिमूटभर लागतं पण त्यावाचून वाढ होत नाही. पुढे त्यालाच आपण जीवनसत्त्व म्हणू लागलो.

केंब्रिजमध्ये कमलाबाईंना बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ सापडलं. दीड वर्षाच्या आत, जेमतेम ४० पानी प्रबंधावर त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. परदेशी राहणं अवघड नव्हतं, पण १९३९ मध्ये त्या परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, आणि १९४७ मध्ये लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था. साधारण त्याच सुमारास इथे वाळवंटात तेल कंपनीचं अहमदी गाव वसत होतं.

मुंबईत त्यांनी गरिबाच्या ताटातलेच पदार्थ अभ्यासाला घेतले. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात, त्यावर त्यांनी विद्यार्थ्यांसह संशोधन केलं. आपल्या आज्या कडधान्य भिजवून, मोड आणून, नीट शिजवून का खायला घालायच्या, त्याचं कारण यात सापडतं. मग राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून नीरा हाती घेतली. नीरेत ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्वं आणि लोह मिळालं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना ती दिल्यावर त्यांची तब्येत सुधारली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला. संस्थेचं संचालकपद मात्र उशिराच मिळालं. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत राहून ग्राहकांना जागं करत राहिल्या. १९९८ मध्ये दिल्लीत त्यांच्या सत्काराच्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या.

त्यांचं काम किती दूरवर पोचतं, ते नंतर आणखी कळलं. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी गरोदर बायकांचा अभ्यास केला. ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध जास्त खात, त्यांची बाळं जन्मतः अधिक भरलेली होती. आणि आपली बाळं वजनानं कमी असूनही त्यांच्या अंगात चरबी मात्र त्या मानानं जास्त, असंही दिसलं. अशा मुलांना पुढे मधुमेहाचा धोका अधिक. म्हणजे चाळिशीतल्या साखरेची गोष्ट आईच्या पोटातच सुरू होते!

इथे अहमदीत आपल्या मुलांना काही कमी नाही. पण डबाबंद रस, चिप्स आणि बर्गरनं पोट भरलं म्हणजे पोषण झालं असं नाही. हॉपकिन्सच्या पिलांचंही पोट भरलेलंच होतं की! तिकडे पाड्यावरच्या मुलाला मिळत नाही म्हणून, इकडे आपल्या मुलाला नको त्याची सवय लागते म्हणून. उणीव दोघांकडेही राहू शकते. फराळाचे डबे रिकामे झाले की एका फडक्यात मटकी बांधून ठेवूया. कमलाबाईंची आठवण ठेवण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी सुचत नाही.