डॉ. द्वारकानाथ कोटणीस : रणभूमीवरील शल्यवैद्य

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव भारतीयांना परिचित झाले ते प्रामुख्याने ख्वाजा अहमद अब्बास यांचे इंग्रजी पुस्तक आणि व्ही. शांताराम यांचा १९४६ चा हिंदी चित्रपट यांमुळे. या दोहोंतून त्यांचे आत्मसमर्पण ठसले. त्यांचे भाषिक कर्तृत्व मात्र उपेक्षितच राहिले.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले कोटणीस मुंबईत वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९३८ साली काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेले. १९३९ मध्ये येनानला पोचल्यावर पुढे ते उत्तर चीनच्या युद्धग्रस्त सीमाप्रदेशात कार्य करू लागले. तेथे खेड्यातील घरे हीच रुग्णालये होत. जपानी सैन्य जवळ आले की जखमींसह डोंगरात स्थलांतर करावे लागे. शेतकरी-सैनिकाची वेदना दुभाष्याच्या मध्यस्थीने कितीशी कळणार? कोटणीस चिनी शिकले आणि त्याच भाषेत अध्यापन करू लागले. १९४१ च्या आरंभी नॉर्मन बेथ्यून यांचे नाव दिलेल्या रुग्णालयाचे ते संचालक झाले. त्याच वर्षी कुओ छिंगलान या परिचर्या-शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. पुत्राच्या ‘यिनहुआ’ या नावात भारत आणि चीन एकत्र आले.

९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ३२. विद्यार्थ्यांसाठी ते लिहीत असलेले शल्यचिकित्सेचे चिनी पाठ्यपुस्तक अपुरेच राहिले. भारतीयांच्या परभाषीय लेखनाचा इतिहास लिहिताना या अपुऱ्या ग्रंथाची नोंद घेणे अगत्याचे आहे.