सायटोकाइन, सायटोक्रोम आणि कमलाबाई

आधीच सांगून टाकते, मी पक्की कॉन्व्हेंटवाली. मराठी माझ्या वाट्याला फक्त एका पेपरापुरती आली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला!

मी बायोटेकला आहे. मागच्या सेमिस्टरला माझा सेमिनार होता रिकॉम्बिनंट मानवी सायटोकाइनवर. आपल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला जी छोटी प्रथिनं सोडतात, ती सायटोकाइन. जंतू आलेत, तयार व्हा, आता पुरे, थांबा, असले निरोप. लॅबसाठी माणसाचा जीन बॅक्टेरियात घालून ही प्रथिनं बनवतात, शुद्ध करतात आणि इवल्याशा कुपीत भरून पाठवतात. माल मायक्रोग्रॅममध्ये, किंमत हजारांत!

तर भर सेमिनारमध्ये घाबरून मी सायटोकाइनऐवजी सायटोक्रोम म्हणत राहिले. सगळा वर्ग हसला. मला इतकं लागलं की प्रोजेक्ट बदलून मिळावा म्हणून मी अर्जसुद्धा लिहिला. त्या रात्री होस्टेलवर, निदान हे सायटोक्रोम काय ते तरी बघू म्हणून शोधत बसले आणि तिथे मला भेटल्या डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाई मूळच्या भागवत. जन्म 1911, इंदूर. लेखिका दुर्गा भागवत त्यांची मोठी बहीण. वडील आणि काका दोघेही केमिस्ट, बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. 1933 साली कमलाबाई मुंबईतून बी.एस्सी. झाल्या आणि त्यांनी तिथेच अर्ज केला. संचालक होते नोबेलविजेते सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण? अर्ज करणारी मुलगी होती, एवढंच.

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. थेट बंगलोरला जाऊन त्यांनी रामन यांना जाब विचारला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष प्रोबेशन, आणि त्यांच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये! हा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. पण त्या वेळी त्यांनी अटी मान्य केल्या आणि दूध, डाळी, कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम सुरू केलं. वर्षभरात रामन यांचं मत बदललं आणि पुढे तिथे मुलींना दार उघडलं.

1936 ला एम.एस्सी. करून त्या केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशीत सायटोक्रोम सी सापडलं. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवणारं हे प्रथिन. त्यांचा प्रबंध फक्त 40 पानांचा होता! (आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टला एवढी पानं प्रस्तावनेतच जातात.) 1939 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक.

परदेशात राहायचं सोडून त्या त्याच वर्षी परत आल्या. दिल्ली, कुन्नूर आणि 1947 मध्ये लग्नानंतर मुंबईचं रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा त्यांचा प्रवास झाला. इथे त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन गरिबाच्या पोटात जाणाऱ्या अन्नाचा अभ्यास केला. त्यात होती नीरा! आपल्याकडे उत्तन-गोराईला जाताना ताडाची झाडं दिसतात ना, त्याच ताडाचा ताजा रस. त्यातली जीवनसत्त्वं आणि लोह कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना उपयोगी पडतात, हे त्यांनी दाखवलं. त्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संचालकपद मात्र उशिराच मिळालं. पुढे अन्नातली भेसळ पकडायला त्या ग्राहक चळवळीतही उतरल्या. 1998 मध्ये, आपल्याच सत्काराच्या दिल्लीतल्या समारंभात त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.

रात्रीचे दोन वाजले होते. मी विचार केला, यांना दारातच अडवलं तरी त्या हटल्या नाहीत, आणि मी निघाले वर्ग हसला म्हणून!

अर्ज दिला नाही. दुसऱ्यांदा सेमिनार दिला तेव्हा दोन्ही शब्द फळ्यावर लिहूनच सुरुवात केली. टीएनएफ नावाचं सायटोकाइन काही पेशींना मरणाचा निरोप देतं, तेव्हा पेशीच्या आत मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी बाहेर पडतं, हेही सांगितलं. म्हणजे माझी चूक अगदीच परकी नव्हती!

या वेळी कोणी हसलं नाही. हसले असते तरी चाललं असतं.